राखण की पहारा?

आश्रमधर्म सांगणाऱ्या ग्रंथांनी उतारवयासाठी वानप्रस्थ सांगितला. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की घराचा भार मुलावर टाकून वनाची वाट धरावी, असा तो क्रम. आमच्या संतांनी मात्र घर सोडा असे सांगितले नाही. पैठणचे नाथमहाराज अखेरपर्यंत गृहस्थाश्रमात राहिले, सावतोबांनी मळा सोडला नाही. म्हणून वारकऱ्याला म्हातारपणी वनात जावेसे वाटत नाही. आपल्या घरात, आपल्या देव्हाऱ्यासमोर, अंगणातल्या किंवा खिडकीतल्या तुळशीपाशी शेवटचा दिवस यावा, एवढेच त्याचे मागणे असते. मागणे साधे आहे. परंतु ते पुरे कसे व्हावे, हा आज घरोघरचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि त्यात धर्माधर्माचा विचार गुंतलेला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर वांगणी सोडले की शेलू येते आणि त्याच्या पुढे नेरळ. उल्हास नदीच्या खोऱ्यातले, कर्जत तालुक्यातले हे गाव मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून सुमारे ८० किलोमीटर दूर. मूळचा हा प्रदेश भातशेतीचा. आता तेथे मुंबईकरांसाठी इमारती उभ्या राहिल्या आहेत. शहरातली खोली विकून किंवा निवृत्तीची पुंजी घालून माणसे येथे घर घेतात. म्हणजे वानप्रस्थ पुन्हा आलाच म्हणायचा. फक्त आता तो कर्जत लोकलने जातो!

या गावाचे नाव अलीकडे आणखी एका कारणाने गाजले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. तेव्हा ऐन उमेदीत असलेली ती पिढी आज काठी टेकत चालते. या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना शेलू व वांगणी येथे मिळून सुमारे ८१ हजार घरे देण्याची शासनाची योजना २०२४ साली पुढे आली. आम्हाला घर हवे ते मुंबईतच, असे म्हणत कामगार संघटनांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केले. या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु म्हातारा कामगार ‘लांब पडते हो’ असे म्हणतो, तेव्हा तो फक्त किलोमीटर मोजत नसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तो काय मोजतो? चाळीत एका मजल्यावर एकच लांब गॅलरी असे. सकाळी दारे उघडत ती रात्री निजेपर्यंत उघडीच. एखाद्या म्हातारीचे दार आठ वाजले तरी उघडले नाही, की शेजारीण कडी वाजवी, ‘काकू, बरं आहे ना?’ तिला कोणी नेमलेले नव्हते, पगार नव्हता. चहाला दूध हवे म्हणून जावे आणि माणूस जिवंत आहे की नाही तेही पाहून यावे, असा तो सहज व्यवहार. शेलूच्या इमारतीत घर मोठे झाले, हवा चांगली मिळाली, पण दार बंद झाले. मुलगा आईजवळ राहत असला तरी पहाटेच्या लोकलने जातो आणि रात्री परततो. मधले बारा-चौदा तास ती एकटीच. मुलगा बंगळुरूला किंवा अमेरिकेत असेल, तर मग बोलायलाच नको.

गॅलरी गेली, तिच्या जागी यंत्र आले. गळ्यात बांधायचे बटण आहे. संकटात ते दाबले की मुलाला फोन जातो. मनगटावरचे घड्याळ आहे. माणूस पडला तर ते स्वतःच ओळखून निरोप धाडते. रात्री पलंगावरून पाय खाली ठेवताच लागणारा दिवा आहे. गॅस सुटला तर ओरडणारे यंत्र आहे, गोळीची वेळ झाली की वाजणारी डबी आहे. भिंतीवर हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. आणि सर्वांच्या वर, छताच्या कोपऱ्यात, रात्रंदिवस पाहणारा कॅमेरा आहे.

यंत्राचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढची सर्वांत जास्त. ओल्या मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते, हे काही कल्पनेतले दुःख नव्हे. एखादे बटण जर ते तास वाचवीत असेल, तर त्या बटणाला नावे ठेवणे हा अविचारच होय. २०११ च्या जनगणनेतच आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे १० कोटींवर होती. इतक्यांच्या उशाशी बसायला मुलेबाळे आणावीत कोठून?

मग अडते कोठे? ते एका माउलीने आम्हाला सांगितले. बाई सत्तरीच्या पुढच्या, नवरा देवाघरी गेलेला, शेलूला एकट्या राहतात. मुलगा गुणी, मातृभक्त. त्याने काळजीपोटी दिवाणखान्यात कॅमेरा लावला. देव्हारा त्याच खोलीत. दुपारी कचेरीतून फोन यायचा, ‘आई, अजून जेवली नाहीस?’ कधी, ‘स्टुलावर कशाला चढलीस?’ कधी, ‘ती बाई अर्धा तास काय बोलत बसली होती?’ एकही प्रश्न वाईट हेतूचा नाही. पण बाईंनी हळूहळू दिवाणखान्यात बसणे सोडले. हरिपाठ त्या आता स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्या राहून म्हणतात, कारण तेथे कॅमेरा पोहोचत नाही. आम्हाला म्हणाल्या, ‘महाराज, देवसुद्धा सगळं बघतो, पण तो फोन करून विचारत नाही.’

या एका वाक्याने आमची झोप उडाली. मुलाने आईला घर दिले, आणि त्या घरातली निम्मी जागा नकळत काढून घेतली. चूक कोठे झाली हे पाहायला व्याकरणशास्त्राची मदत घेऊ. क्रिया करणारा तो कर्ता, जिच्यावर क्रिया घडते ती वस्तू कर्म, आणि क्रिया साधण्याचे मुख्य साधन ते करण. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याला स्वतंत्र म्हटले आहे. आता हे घरात लावून पाहा. आजी बटण दाबते: आजी कर्ता, बटण करण. मुलगा कॅमेऱ्यातून आजीला पाहतो: मुलगा कर्ता, कॅमेरा करण, आणि आजी? आजी कर्म झाली. यंत्राची जात दोन्हीकडे एकच. बदलली ती आजीची विभक्ती. आपल्या घरात राहण्याचे सुख म्हणजे भिंती आणि छप्पर नव्हे. तेथे आपण कर्ते असतो, हे ते सुख. ते गेले, तर माणूस आपल्याच घरात परका होतो.

म्हणून आम्ही राखण आणि पहारा यांत भेद करतो. भाताचे पीक तयार झाले की शेतकरी माळ्यावर बसून राखण करतो. त्याची नजर पाखरांवर, डुकरांवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या संकटावर असते. कणीस कसे डोलते याची तो झडती घेत नाही. पहारेकऱ्याची नजर मात्र कैद्यावरच खिळलेली असते. जे यंत्र संकट आले तरच बोलते, ते राखण करते. जे यंत्र माणसाचे उठणे, बसणे, जेवणे, भेटणे सारखे दुसऱ्याला कळवीत राहते, ते पहारा करते, मग पाहणारा पोटचा मुलगा का असेना.

येथे पूर्वपक्ष असा येईल: ‘आईपाशी लपवण्यासारखे काय आहे? आणि मुलापासून कसली लाज?’ उत्तर असे. लपवण्यासारखे काही नसले तरी एकांत हा लागतोच. नवऱ्याच्या तसबिरीसमोर डोळे पुसायचे असतात, मोडक्या आवाजात एखादी ओवी गुणगुणायची असते, कधी नुसते भिंतीकडे पाहत बसायचे असते. यात पाप नाही. पण साक्षीदार नको असतो. आपल्या देशाच्या कायद्यानेही हे मानले आहे, आणि ते मानायला लावले एका वृद्धानेच. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, पंचाऐंशी उलटल्यावर, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. तेव्हा अर्जदारांनी नव्वदी ओलांडली होती. हा अधिकार सरकारापुढे सांगता येतो, आणि आपल्या घरच्या दिवाणखान्यात मात्र तो म्हातारीने खुंटीला टांगावा की काय?

दुसरी गोष्ट ज्ञानाची. आमच्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगळी प्रमाणे आहेत. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असावा, हे अनुमान. भिंतीवरचा सेन्सर असेच अनुमान करतो: हालचाल नाही, म्हणून काहीतरी विपरीत घडले असावे. पण हेतू पक्का नसेल तर अनुमान फसते. त्याला हेत्वाभास म्हणतात. आजोबा तासभर माळ घेऊन निश्चळ बसले, तर यंत्राच्या मते ते बेशुद्ध! घड्याळ काढून फडताळात ठेवले, की आजीची हालचाल बंद! उलट आजी घरभर चालते आहे, पण चार दिवस मनाने खचली आहे, हे यंत्राला कधीच कळत नाही. पडल्याची बातमी ते देईल. कष्टी असल्याची देणार नाही. तात्पर्य, यंत्राचा निरोप म्हणजे धूर. अग्नी आहे की नाही हे पाहायला कोणीतरी दारापर्यंत जावेच लागते.

आणि दारापर्यंत जाणार कोण? २७ जुलै २०१९ ची गोष्ट आठवा. उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. शेलूपासून हे ठिकाण दूर नाही. आत सुमारे १०५० प्रवासी. मोबाइल होते म्हणून प्रवाशांच्या हाका बाहेर पोहोचल्या. परंतु त्यांना बाहेर काढले ते होड्या घेऊन आलेल्या जवानांनी आणि मदतीला धावलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी. यंत्राने वार्ता नेली, हात माणसाने दिला. घराचेही असेच आहे. आई शेलूला पडली आणि निरोप ठाण्याला गेला, तर मुलगा गाडी पकडून येईपर्यंत वेळ निघून जाईल. म्हणून पहिला निरोप समोरच्या दारी जावा, दुसरा इमारतीच्या वॉचमनला, तिसरा मुलाला. एक किल्ली शेजारी असावी. ज्याच्या शेजारी कोणी नाही, त्याच्या गळ्यातले बटण म्हणजे ओसाड रानात मारलेली हाक. आणि पावसाळ्यात वीज गेली, इंटरनेट बंद पडले, की ती हाकही निघत नाही. मग भिंतीपलीकडचा माणूस तेवढा उरतो.

आता काय घ्यावे, काय टाळावे? आमच्या मते यंत्रांचीही पायरी लावावी. सर्वांच्या आधी मोरीत धरायचा मजबूत दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा दिवा. दांडा कोणाचे काही कोणाला सांगत नाही. मुकाट्याने हात देतो. त्यानंतर आजीच्या हातातले बटण. त्यानंतर, गरज पडली तर, केवळ संकटात बोलणारी यंत्रे. जपानमध्ये झोजिरुशी नावाच्या कंपनीने २००१ सालापासून चहाच्या पाण्याचे एक विजेचे भांडे दिले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याने त्यातले पाणी घेतले, की त्याची खबर दूरच्या मुलांना जाते. चेहरा दिसत नाही, बोलणे ऐकू येत नाही. एवढेच कळते की आज चहा झाला. चाळीतली शेजारीण याहून अधिक काय पाहत होती? कॅमेरा मात्र अगदी शेवटी. आणि तोही आजीने हो म्हटले तर, ती सांगेल त्या जागी, आणि बंद करण्याची कळ तिच्या हाती. भांडे असो की कॅमेरा, ‘बघ, मी हे लावू का?’ हा प्रश्न आधी, सुतार नंतर.

ती नाही म्हणाली तर? येथेच मुलाची परीक्षा आहे. तिची बुद्धी शाबूत असेल, धोका तिला समजावून झाला असेल, तर तिचे नाही ऐकावे. ‘मग मला रात्री झोप लागत नाही,’ असे मुलगा म्हणेल. खरे आहे. पण ती त्याची झोप आहे. तिचा एकांत देऊन ती विकत घेऊ नये. त्या काळजीने रोज दोन वेळा फोन करावा, महिन्यातून दोनदा अधिक यावे, शेजाऱ्यांशी ओळख वाढवावी. काळजी जर पायाला चालवीत असेल तर ती सेवा होते. नुसते बोट चालवीत असेल तर ती फक्त काळजीच राहते.

मात्र आई-वडिलांकडेही धर्म आहे, तो सांगितला नाही तर आम्ही एकांगी ठरू. मोरीत पडल्याचे लपवायचे, औषध संपले तरी बोलायचे नाही, ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून दुखणे अंगावर काढायचे, ही थोरवी नव्हे. ज्याच्या हाती कर्तेपण हवे त्याने खरे बोलले पाहिजे. मुलाने प्रेमाने बटण आणले तर ‘मी काय म्हातारा झालो?’ म्हणून ते पेटीत टाकू नये. आणि अगदीच कोणी नसेल तर संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी शासनाची एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

एक कठीण प्रसंग उरतो. स्मृतिभ्रंश झाला, घर ओळखेना, मध्यरात्री दार उघडून माणूस चालू लागला, तर त्याची संमती घ्यायची कशी? तेव्हा दुसऱ्याने निर्णय घेणे भाग आहे, दारावर सेन्सर बसविणेही योग्यच. परंतु तो निर्णय मालकाचा नव्हे, विश्वस्ताचा असावा. स्मृतिग्रंथांतील अठरा व्यवहारपदांत निक्षेप हे एक पद आहे. निक्षेप म्हणजे ठेव. मोहोर लावून दिलेली ठेव तशाच मोहोरेसह परत करावी, असा त्याचा धर्म. आईची लाज, तिची आब ही आता तुमच्याकडे आलेली ठेव आहे. लागेल तेवढेच पाहावे. पाहिलेले चारजणांत दाखवू नये, हसण्यासाठी तर नाहीच नाही.

पंढरीचा देव विटेवर उभा का राहिला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पुंडलिक आई-बापांची सेवा करीत होता, म्हणून त्याने देवाला थांबविले. या कथेत आमचे लक्ष विटेकडे जाते. थोडे पुंडलिकाकडेही जावे. त्याने देवाला थांबविले, पण आई-बापांना थांबविले नाही. आज नेमके उलटे होते. कचेरी थांबत नाही, लोकल थांबत नाही, म्हणून आईला सांगावे लागते, ‘जरा थांब, मग बोलतो.’ पोटासाठी पहाटे गाडी पकडणाऱ्या मुलाला आम्ही दोष देत नाही. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांचा चरितार्थ चालविणे मुलांवर बंधनकारक केले. पैसा कायद्याने मिळवून देता येतो. ‘आज कशी आहेस?’ हा प्रश्न कोणत्याही कायद्याने किंवा यंत्राने विचारवून घेता येत नाही.

म्हणून येत्या एकादशीला ज्याला जमेल त्याने एवढे करावे. आईच्या घरी जावे, मोबाइल बाजूला ठेवावा आणि तिच्याबरोबर घरभर फिरावे. कोठे पाय घसरतो, रात्री कशाची भीती वाटते, पडलीस तर आधी कोणाला हाक मारावीशी वाटते, हे तिला विचारावे. ती सांगेल तसे घर बदलावे. ती नको म्हणेल ते भिंतीवरून उतरवावे. मग उंबऱ्याबाहेर येऊन समोरच्या दाराची घंटी वाजवावी आणि त्या घरच्या माणसांची ओळख करून घ्यावी. रामकृष्णहरि.